ख्यालाचा हिशेब

किशोरीताई आमोणकरांचा भूप ऐकायला बसलं की वीस मिनिटांहून अधिक वेळ कधी सरतो ते कळत नाही. एकेका स्वराभोवती रेंगाळणारी बढत, मग ‘सहेला रे’. हाच भूप स्पॉटिफायवर लावला तर त्याची नोंद होते एकच प्ले. गाणं ३० सेकंद ऐकलं की प्ले मोजला जातो. पुढे कुणी अख्खा राग डोळे मिटून ऐकला तरी आकडा हलत नाही. तेवढ्या वेळात तीन-तीन मिनिटांची सात गाणी वाजली तर सात प्ले. आणि पैसे वाटले जातात ते प्लेच्या संख्येवर. ख्याल गाणाऱ्यावर हा उघड अन्याय आहे, असं मला वाटतं.

आपली वर्गणी आपल्या आवडत्या गायकाला मिळते, असं आपण धरून चालतो. तसं होत नाही. देशातल्या वर्गणीदारांचे पैसे एकत्र जमा होतात आणि एकूण प्लेमध्ये ज्याचा जेवढा हिस्सा, तेवढे त्याच्या हक्कधारकाला जातात. महिनाभर फक्त नाट्यपदं ऐकणाऱ्या आजोबांचे बहुतेक पैसे त्यांनी कधी न ऐकलेल्या गाण्यांकडे वळतात. २०२४पासून तर वर्षभरात हजार प्लेही न झालेल्या गाण्याला स्पॉटिफाय काहीच देत नाही. एखाद्या तरुण गायिकेची पहिली रेकॉर्डिंग नेमकी इथेच अडकतात.

शिवाय हक्कधारक म्हणजे पुष्कळदा कंपनी. २०१२ साली कॉपीराइट कायद्यात दुरुस्ती झाली, जावेद अख्तर त्यासाठी राज्यसभेत तळमळीने बोलले, आणि चित्रपटगीतांच्या रॉयल्टीतला गीतकार-संगीतकारांचा वाटा करारात लिहून घेऊनही काढून घेता येईनासा झाला. मोठंच काम झालं ते. पण साथीला बसलेल्या तबलावादकाचं काय? बहुतेक वेळा रेकॉर्डिंगच्या दिवशी हातावर पडलेली बिदागी, तेवढीच. विलंबित एकतालाचा ठेका त्याने तोलून धरला नसता तर गाणारी व्यक्ती इतकी निवांत गायलीच नसती.

वाटणीची दुसरी रीत आहे. साउंडक्लाउडने २०२१मध्ये श्रोत्याचे पैसे त्याने ऐकलेल्या स्वतंत्र कलावंतांनाच देण्याची सोय केली. त्यात ऐकलेल्या मिनिटांचा हिशेबही धरता येईल. कुणी कोणतं गाणं कुठे सोडलं, हे या कंपन्यांना सेकंदापर्यंत माहीत असतं.