कणकेच्या गोळ्यांचं पुण्य

कळमन्याच्या धान्यबाजारातला गहू पीठ होऊन नागपूरभर जातो. त्यातली मूठभर कणीक शहरातल्या तलावांतही पडते. कुणी ग्रहपीडा टळावी म्हणून, कुणी नुसतंच पुण्य लागावं म्हणून माशांना गोळ्या घालतं. मे महिन्यात पारा पंचेचाळिशीला टेकला असताना हे पुण्य नेमकं कुणाच्या खात्यात जमा होतं?

२० अंश सेल्सिअसच्या गोड्या पाण्यात लिटरमागे सुमारे ९ मिलिग्रॅम ऑक्सिजन विरघळतो. ३५ अंशांना जेमतेम ७. मासा थंड रक्ताचा. पाणी तापलं की त्याच्या शरीराचा कारभार वेग घेतो, म्हणजे पुरवठा आटत असतानाच गरज वाढते. त्यात न खाल्लेली कणीक तळाशी कुजते आणि ती कुजवणारे जिवाणू उरलासुरला ऑक्सिजन ओढून घेतात. रात्री शेवाळही ऑक्सिजन देत नाही, उलट वापरतं. म्हणून पहाटे पातळी सर्वांत खाली जाते. ती फार घसरली की रोहू-कटला वर येऊन तोंडाची उघडझाप करू लागतात. काठावरच्या भाविकाला वाटतं, बिचारे भुकेले आहेत. तो आणखी गोळ्या टाकतो.

विदर्भातला मत्स्यपालक, मग तो मामा (माजी मालगुजारी) तलावावरचा ढीवर असो की शेततळ्याचा मालक, हीच उघडझाप पाहून खाद्य थांबवतो आणि पंपाने पाणी उडवायला धावतो. एअरेटर असेल तर तो सुरू करतो. ढगाळ दिवशी तर आधीच हात आखडता घेतो. हे सगळं अर्थात मासा विकायचा आहे म्हणून.

दयाळू कोण? १९५६ साली ज्या नागपुरात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी धम्मदीक्षा घेतली, तिथे याचं बौद्ध उत्तर ठाऊक असायला हवं: कर्माचं मूळ चेतनेत, म्हणजे हेतूत. त्या न्यायाने भाविक सुटतो. मत्स्यपालक मात्र अडकतो, कारण उपासकाला वर्ज्य असलेल्या पाच व्यापारांत प्राण्यांचा आणि मांसाचा व्यापार येतो. जैन विचार अधिक कडक आहे. बेसावधपणे घेतलेला जीव तिथे हिंसाच ठरतो, आणि पाणी गाळून पिणाऱ्या परंपरेपुढे ‘मला ठाऊक नव्हतं’ ही सबब फारशी टिकत नाही. भाविकाला जैन कसोटीच लावावी; तलावाचं पाणी त्याच्या डोळ्यांसमोर असतं, पाहणं एवढंच बाकी असतं.

मनूची गोष्ट इथे आठवण्याजोगी आहे. शतपथ ब्राह्मणातला मनू ओंजळीत आलेल्या माशाला आधी घड्यात ठेवतो, मग खड्ड्यात, शेवटी समुद्रात सोडतो. कथा माशाच्या खाण्यापिण्यावर रेंगाळत नाही. माशाला किती पाणी लागतं, याकडे तिचं लक्ष आहे. आणि मनूचा हेतूही काही निर्मळ नाही. मासा आधीच सांगतो, मला वाढव, मी तुला प्रलयातून तारीन. सौदा तिथेही आहेच, फक्त त्यात मासा शेवटपर्यंत जिवंत राहतो.