वास औषधाचा की आपल्या मळाचा?



आपल्या सौंसर-पांढुर्णा भागात आधी लेकरं विहिरीत पोहायला शिकायची, पाठीला सुका भोपळा नाहीतर डबा बांधून. आता संत्र्याच्या बागेतल्या घरापाशी कुणी छोटा स्विमिंग पूल बांधतो. सुट्टीत नागपूरहून नातवंडं येतात, दिवसभर डुंबतात. आनंदच आहे. पण हे पाणी थांबलेलं असतं, म्हणून ते सांभाळावं लागतं.

चार दिवसांनी उग्र वास येतो, डोळे चुरचुरतात. आपण म्हणतो, "क्लोरीन जास्त झालं!" आणि टाकणं बंद करतो. बहुतेक वेळा खरं उलटं असतं. स्वच्छ पाण्यात योग्य मात्रेत, म्हणजे लिटरमागे 1 ते 3 मिलिग्रॅम क्लोरीन असेल, तर वास फारसा येत नाही. घाम आणि लघवी यांच्याशी ते भिडलं की क्लोरामाइन तयार होतं. वास त्याचा, जळजळही त्याचीच. औषध कमी पडलेलं असतं आणि दोष औषधालाच लागतो!

घरातही असंच होतं ना? मोठ्यांनी एक खरा शब्द सांगितला की झोंबतो. आपण लगेच ठरवतो, यांचं बोलणंच कडू. झोंबलं ते बोलणं, की आत साठलेलं काही?

मग सांगणारा नेहमीच बरोबर का? तसंही नाही. पाण्याचा पीएच 7.2 ते 7.8 असावा लागतो. 7.5 ला साधारण अर्धं क्लोरीन जोमाने काम करतं, 8.5 वर गेलं की जेमतेम दहावा हिस्सा. तिथे नुसतं औषध ओतत राहून उपयोग नाही, आधी पाण्याचा स्वभाव ताळ्यावर आणावा लागतो. पीएचला धरून ठेवते ती अल्कलिनिटी. ती कमी पडली तर खाण्याच्या सोड्याने वाढते. घरात हे काम धीर करतो. आणि क्लोरीन व ॲसिड कधीच एकत्र मिसळू नये, विषारी वायू निघतो. सत्यात राग मिसळला की तेच होतं.

कुणी म्हणेल, एवढी कटकट कशाला, पाणीच बदलून टाकू. 8 मीटर लांब, 4 मीटर रुंद, 1.2 मीटर खोल टाक्यात 38,400 लिटर पाणी मावतं. मे महिन्यात शेजारच्या विहिरीने तळ गाठलेला असताना एवढं पाणी ओतून देणं, हा काही फक्त आपल्या पैशाचा प्रश्न राहत नाही. पाणी आपल्या कुंपणात असलं तरी जमिनीखालचा झरा कुंपण ओळखत नाही. नात्यांचंही असंच आहे. बिघडलं की ओतून देणं सोपं, पण पुन्हा भरायला पाणी कुठून आणायचं?

म्हणून या उन्हाळ्यात आपण दोन नेम धरू. जामसावळीला दर्शनाला जाताना पाय धुतो, तसं पाण्यात उतरण्याआधी अंग धुवायचं, लहान-मोठ्या सगळ्यांनी. आणि काही टाकण्याआधी टेस्ट किटने तपासायचं. पाण्यात औषध असो की माणसाला शब्द, आधी पाहायचं, मग बेतानं घालायचं.

आपल्या घरच्या ग्रुपवर अवश्य पाठवा. 🙏