काडीमोडीची किंमत

काडी मोडायला काय लागतं? गवताची एक काडी आणि चार पंच. आमच्या म्हाताऱ्या बोलायच्या, "न्हाई पटलं, काडी मोडली, बाई मोकळी." हे ऐकून शहाणी माणसं नाक मुरडायची. यांच्यात म्हणे लग्नाला पावित्र्य नाही. तर या पावित्र्याचा हिशोब एकदा मांडू.

इंग्लंडात १८५७ पर्यंत पुरता घटस्फोट हवा तर पार्लमेंटात आपल्या नावाचा कायदा पास करून घ्यावा लागे. आधी धर्मकोर्ट, मग बायकोच्या याराविरुद्ध भरपाईचा दावा, मग पार्लमेंट. खर्च शेकडो पौंड. दीडशेहून जास्त वर्षांत या वाटेनं सुटली सव्वातीनशेच्या आसपास माणसं. त्यात दाद मिळालेल्या बाया फक्त चार. १८४५ साली वॉरिकला एक गरीब माणूस दुसरं लग्न केलं म्हणून कोर्टात उभा राहिला. बायको आधीच दुसऱ्याबरोबर गेलेली. न्यायमूर्ती मॉलनी त्याला ही सगळी खर्चिक वाट उपरोधानं समजावली. वर ऐकवलं, कायदा गरीब-श्रीमंत दोघांना सारखाच.

पौंड नसलेले काय करत? काहीजण बायकोच्या गळ्यात दोर बांधून बाजारात विकत. कायद्याला हे मान्य नव्हतं, तरी चालायचं. १८३२ साली कार्लाइलला एक बाई वीस शिलिंग नि एका कुत्र्यावर गेली.

हेच इंग्रज इथं न्याय द्यायला बसले. नवऱ्याच्या संमतीवाचून लग्न मोडायचा अधिकार जातपंचांना नाही, असं मुंबई हायकोर्टानं १८७६ साली ठरवलं. म्हणजे पंचांच्या भरवशावर दुसरं घर केलेली बाई गुन्हेगार. रखमाबाई सुताराची लेक. लहानपणी लावलेलं लग्न तिला मान्य नव्हतं. १८८४ साली नवऱ्यानं दावा लावला. इंग्रजी धर्मकोर्टातून आलेलं हे हत्यार. १८८७ साली हुकूम झाला, नांदायला जा, नाहीतर सहा महिने कैद. ती म्हणाली, कैद चालेल. शेवटी १८८८ साली नवऱ्याला दोन हजार रुपये मोजले तेव्हा मिटलं.

पण आपलीही काडी फुकट नव्हती, हे लपवू नये. कित्येक जातींत नव्या नवऱ्यानं जुन्याला लग्नाचा खर्च भरून द्यायचा. पंचांना दंड, जातीला जेवण. पेशवाईत तर सरकारही पाटावर पाटदाम घ्यायचं. पैसा नवऱ्याकडं गेला, पंचांकडं गेला, सरकारात गेला. बाईच्या पदरात काय पडलं?

सुटकेची किंमत ज्याला मिळते तो मालक, एवढं साधं आहे. किंमत कमी असली तर दोर सैल असतो, तुटलेला नसतो. तरीही सैल दोर आणि आवळलेला दोर एकच, असं मी म्हणणार नाही. सैल दोरातनं आमच्या आया जगल्या.

शूद्र म्हटलेल्या बहुसंख्य जातींत काडीमोड पूर्वीपासून आहे, हे बाबासाहेबांनी हिंदू कोड बिलाच्या वेळी दाखवून दिलं होतं. बिल अडवलं गेलं. १९५१ साली त्यांनी मंत्रिपद सोडलं. १९५५ साली कायदा आला. त्यात रूढीची काडीमोडही कायम राहिली.

आता कोर्टाचं दार सगळ्यांना उघडं आहे. पण दर तारखेला एक दिवसाची मजुरी बुडते. वकील उधारीवर उभा राहत नाही. मॉलचा उपरोध अजून शिळा झालेला नाही.

मोकळं व्हायला पैका लागत असेल, तर ज्याच्याकडं पैका नाही त्याचं लग्न पवित्र की नुसतं गहाण?