आजचे चिंतन : पाणी होणे म्हणजे काय?



माऊली, आज चिंतनाला घेतले आहेत आपल्या मुक्ताईचे ताटीचे अभंग.

प्रसंग आपल्या सगळ्यांना ठाऊक आहे. ज्ञानोबारायांना कुणीतरी लागट बोललं. मन दुखावलं. ते झोपडीत गेले, ताटी लावून घेतली आणि आत बसून राहिले. दाराशी कोण गेलं? भावंडांत सगळ्यांत धाकटी मुक्ताई. तिनं थोरल्या भावाला जे सांगितलं त्याचं सार असं, की जग रागानं पेटलं असेल तर संतानं पाणी व्हावं. आणि मग एकच विनवणी, दार उघडा.

हे आपण कीर्तनात कितीदा ऐकतो. मान डोलावतो, टाळ वाजवतो, घरी येतो. पण पाणी होणं म्हणजे नक्की काय होणं? गप्प बसणं? सोसत राहणं? गेल्या श्रावणात आमच्या भजनी मंडळातले काही जण मनुदेवीला गेलो होतो, तेव्हापासून हा प्रश्न मनात घोळतो आहे. आज त्यावरच थोडं लिहितो.

मनुदेवी हे खान्देशातल्या कितीतरी घराण्यांचं कुलदैवत. यावल तालुक्यात आडगावच्या पुढे, सातपुड्याच्या कुशीत तिचं ठाणं आहे. मुक्ताईनगरहून भुसावळ, तिथून यावल, मग चोपड्याच्या रस्त्यानं जाऊन उजवीकडे डोंगराकडे वळायचं. दोन्ही बाजूंना केळीच्या बागा. त्या संपल्या की साग लागतो आणि वाट दोन डोंगरांच्या मधे शिरते. पावसाळ्यात मंदिरासमोरच्या कड्यावरून धबधबा कोसळतो. उन्हाळ्यात तिथं नुसता काळा पाषाण दिसतो. देवी तीच, कडा तोच. पाणी मात्र ज्याच्या त्याच्या वेळेला येतं.

आम्ही गाडी अलीकडेच लावली आणि पुढे पायी निघालो. वाट ओढ्याच्या अंगानं जाते. गोल गुळगुळीत धोंडे, मधे चिखल, कुठं पाणी पायाखालून जातं तर कुठं ओढाच ओलांडावा लागतो. आमच्यातल्या बऱ्याच जणांना मुक्ताईच्या पालखीबरोबर ज्येष्ठापासून आषाढीपर्यंत चालायची सवय. पण वारीची वाट सडकेनं जाते आणि सोबतीला टाळ-मृदंग असतो. इथं पाऊल कुठं टाकायचं हे प्रत्येकाला दर वेळी नव्यानं बघावं लागतं. बोलणं आपोआप कमी होतं.

आमच्यात दोघं सख्खे भाऊ होते. नावं सांगत नाही. वडिलांनी वाटणी करून दिली तेव्हा शेत दोन झालं, पण विहीर एकच राहिली. पाळीवरून कुरबूर झाली. एकाची मोटर जास्त वेळ चालली, दुसऱ्यानं पाइप काढून टाकला. मग बोलणं बंद. चार वर्षं. एकाच मंडळात, एकाच अभंगाला टाळ वाजवायचे, पण एकमेकांकडे बघायचे नाहीत. विचार करा माऊली, पाण्यावरून अबोला धरलेली दोन माणसं पाण्याच्या दर्शनाला निघालेली.

दुसऱ्यांदा ओढा ओलांडताना थोरला आधी पार झाला. मागे वळला, तर मागे धाकटाच होता. मधल्या धोंड्यावर शेवाळ होतं. थोरल्यानं हातातली काठी पुढे केली आणि म्हणाला, "नाना, जपून. तो दगड सोड, इकडून ये."

धाकट्यानं काठी धरली. पार झाला. "हो आप्पा," एवढंच म्हणाला. आम्ही कुणीच काही बोललो नाही. पुढे चालत राहिलो.

मंदिरात देवीला नारळ वाहिला, आरती झाली, आणि मग बराच वेळ त्या धारेसमोर बसलो. आवाज एवढा की शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही. सगळेच वर बघतात, जिथून पाणी सुटतं तिकडे. फोटोही तिथलेच काढतात. पण खाली आलेलं पाणी पुढे कुठं जातं, हे फार कुणी बघत नाही.

ते जातं आपल्या ताटात. सातपुड्याच्या पायथ्याला दगड-गोट्यांचा, वाळूचा जाड थर आहे. त्याला बझाडा पट्टा म्हणतात. डोंगरातून उड्या मारत आलेले ओढे या थरात येतात आणि त्यांचं बरंचसं पाणी जमिनीत मुरतं. मुरलेलं पाणी झिरपत जाऊन यावल-रावेरच्या विहिरींना आणि कूपनलिकांना मिळतं. त्यावर केळी पिकते. आपण मात्र उपसा इतका वाढवला की मुरण्यापेक्षा काढणं जास्त झालं आणि पाण्याची पातळी खोल खोल जात राहिली. विहिरीवरची भांडणं त्यातूनच निघतात.

मला वाटतं, मुक्ताईनं ज्ञानोबांना जे सांगितलं त्याची खूण इथं सापडते. कड्यावरून गर्जत पडणारं पाणी डोळ्यांना सुख देतं, पण जगवतं ते मुरलेलं पाणी. आपली भक्तीही अशीच असते. माळ, टिळा, टाळ, उंच स्वर हा धबधबा झाला. तो हवाच, त्याशिवाय ओढा वाहणार नाही. पण तो स्वभावात मुरला का? घरी गेल्यावर भावाशी, सुनेशी, शेजाऱ्याशी बोलताना ओल लागते का? ती नसेल तर पाणी नुसतं वाहून गेलं.

आता सोसण्याचा प्रश्न. "पाणी व्हा" याचा अर्थ अन्याय गिळा, असा काही लोक लावतात, आणि बहुतेक वेळा तो घरातल्या बाईला किंवा दुबळ्यालाच ऐकवतात. मुक्ताईला हे मान्य झालं नसतं. चौदाशे वर्षं तप केलेल्या चांगदेवांचं कोरं पत्र आलं, तेव्हा एवढी वर्षं जगूनही हा कोराच राहिला, असं स्पष्ट म्हणणारी ती. पुढे तेच चांगदेव तिचे शिष्य झाले. म्हणजे पाणी होणं हे मुकं होणं नाही. पाणी वाट सोडत नाही. धोंडा आला तर वळसा घालतं, कडा आला तर उडी घेतं आणि काळ्या पाषाणालाही झिजवतं. फक्त ते पेटत नाही. आणि ज्ञानोबांनाही तिनं गप्प राहा असं सांगितलं नाही, दार उघडा असं सांगितलं.

त्या दोन भावांचा वाद मिटला का? नाही. विहीर अजून एकच आहे आणि पाळीचा हिशेब अजून अवघडच आहे. पण आता तो हिशेब ते समोरासमोर बसून करतात. ताटी उघडली आहे.

शके १२१९ च्या वैशाख वद्य दशमीला, तापीकाठी विजेच्या लखलखाटात मुक्ताई गुप्त झाली. तीच तापी मेहूणवरून पश्चिमेला जाते आणि पुढे सातपुड्यातले ओढे, मनुदेवीच्या बाजूचंही पाणी, तिला मिळतं. कुणाचं पाणी किती, हे तापी विचारत नाही. सगळ्यांना घेऊन सुरतेपाशी समुद्राला मिळते.

जाणाऱ्यांना एक विनंती. वर डोंगरात पाऊस झाला की खाली ऊन असतानाही ओढा अचानक फुगतो. पाणी गढूळ होऊ लागलं की लगेच बाहेर पडा, कुंडात उतरू नका. आणि प्लॅस्टिक परत आणा, ते जमिनीत मुरत नाही.

आजचा नेम : ज्याच्याशी बोलणं बंद आहे, अशा एका माणसाशी आज एक साधं वाक्य बोलायचं. वाद मिटवायचा नाही, नुसती काठी पुढे करायची.

आई मुक्ताई, आमच्या मनाच्या ताट्या उघड. ऐकलेलं आमच्यात मुरू दे.

॥ जय मुक्ताई ॥