हलवायाच्या घरावर तुळशीपत्र



आजच्या शुभवर्तमानातील (लूक १६:१-१३) कारभारी आपल्याला नेहमीच कोड्यात टाकतो. नोकरी जाणार हे कळताच तो धन्याच्या कर्जदारांना बोलावून घेतो. शंभर मापे तेल देणे असलेल्याला पन्नास लिहायला सांगतो, शंभर मापे गहू देणे असलेल्याला ऐंशी. कर्जदार अर्थातच खूश! पण ते तेल कोणाचे होते? गहू कोणाचा होता? आपल्याकडे अशा उदारपणाला हलवायाच्या घरावर तुळशीपत्र म्हणतात. धन्याने कारभाऱ्याच्या चतुराईचे कौतुक केले खरे, पण शुभवर्तमान त्याला अन्यायीच म्हणते.

हा दाखला आज आपल्या बैठकीच्या खोलीत आणू या. आता पुष्कळ घरांत चित्रपट आणि मालिका इंटरनेटवरून, वर्गणी भरून पाहिल्या जातात. एक जण वर्गणी भरतो आणि पासवर्ड भावाला, मेव्हण्याला, ऑफिसातल्या मित्राला देतो. 'दिला तर काय बिघडले?' असे आपण सहज म्हणतो.

नेटफ्लिक्सचेच उदाहरण घ्या. मार्च २०१७ मध्ये या कंपनीनेच, पासवर्ड देणे म्हणजे प्रेम, अशा आशयाचा संदेश प्रसिद्ध केला होता. पुढे एप्रिल २०२२ मध्ये तिने आपल्या भागधारकांना कळवले की सुमारे २२ कोटी २० लाख घरे पैसे भरतात, आणि आणखी १० कोटींहून अधिक घरे दुसऱ्याच्या खात्यावर पाहतात. मग नियम कडक झाले. मे २०२३ मध्ये अमेरिकेत आणि जुलै २०२३ मध्ये भारतात, घराबाहेर पासवर्ड देणाऱ्यांना कंपनीची पत्रे गेली. एक खाते एका घरासाठी आहे, असे अटींत लिहिलेले आहे. घर म्हणजे काय, तर जिथे आपण मुख्यतः पाहतो त्या जागेच्या इंटरनेटला जोडलेली उपकरणे. संगीत ऐकवणाऱ्या स्पॉटिफायच्या कुटुंब योजनेतही सहा जणांपर्यंत जागा असते, पण ते सारे एकाच पत्त्यावर राहणारे असावेत अशी अट आहे.

इथे कोणी विचारील, 'फादर, कुटुंब म्हणजे एक इंटरनेट कनेक्शन का? मुलगा पुण्याला होस्टेलवर आहे, लेक आखातात नर्स आहे. ती माझ्या घरची नाहीत काय?' प्रश्न रास्त आहे. ख्रिस्तसभा कुटुंबाला घरगुती ख्रिस्तमंदिर मानते, आणि त्याच्या भिंती वायफाय जिथवर पोचते तिथे संपत नाहीत. कंपनीची व्याख्या व्यापारासाठी केलेली आहे, ती आपल्या नात्यांचे माप नव्हे. ती आपल्याला कोती वाटली तर तसे म्हणण्याचा, कंपनीला कळवण्याचा, वर्गणी बंद करण्याचाही आपल्याला पूर्ण हक्क आहे.

पण 'मला मान्य आहे' या बटणावर बोट आपण ठेवले आहे. अटी वाचल्या नसतील, तरी शब्द आपण दिला. ख्रिस्तसभेचा धर्मशिक्षण ग्रंथ सातव्या आज्ञेखाली (परिच्छेद २४१०) शिकवतो की वचने पाळावीत आणि करार, त्यांतील बांधिलकी न्याय्य असेल तिथवर, काटेकोर पाळावेत. एक खाते एका घरापुरते असावे, ही अट आपल्याला आवडो न आवडो, तिच्यात कोणावर अन्याय होत नाही. चित्रपट हे काही रोजचे अन्न किंवा औषध नव्हे. 'कंपनी श्रीमंत आहे' हेही उत्तर पुरे पडत नाही. दाखल्यातला धनीही श्रीमंतच होता.

हे फार मोठे पाप आहे असे सांगून मी कोणाला घाबरवत नाही. मजुराची मजुरी बुडवणे आणि पासवर्ड देणे एका तराजूत घालता येत नाही. मला काळजी वाटते ती वेगळ्या गोष्टीची. अनोळखी टीव्हीवर खाते उघडले की कधी कधी पडद्यावर कोड मागितला जातो, आणि तो खातेदाराच्या फोनवर किंवा ईमेलवर येतो. घरातली माणसे प्रवासात असली तर त्यांची अडचण होऊ नये म्हणून ही सोय आहे. मग दुसऱ्या गावाहून फोन येतो, 'दादा, कोड आला का? लवकर सांग!' कोणीही प्रवासात नसते, पण आपण प्रवासात आहोत असे पडद्याला सांगितले जाते. शेजारी बसलेला आठ वर्षांचा मुलगा हे ऐकत असतो. धर्मशिक्षणाच्या वर्गात तो आठवी आज्ञा पाठ करतो. यंत्राशी खोटे बोलले तर चालते, हे तो घरी शिकतो. यंत्रानंतर पाळी परीक्षेची येते, मग नोकरीची, मग संसाराची. लहान गोष्टीत ज्याच्यावर विसंबता येते त्याच्यावरच मोठी गोष्ट सोपवता येते, हे येशूचे बोल याच दाखल्याला जोडून आले आहेत. दुसऱ्याच्या वस्तूबाबत जो विश्वासू नाही, त्याला त्याचे स्वतःचे कोण देईल, असाही प्रश्न तो करतो.

मग वाटून घ्यायचे तरी काय? वडीलधाऱ्यांना आठवत असेल, एका घरात टीव्ही असायचा आणि ओटीपर्यंत सारी आळी बसायची. घरधनी चहा द्यायचा, पोरे मांडीवर झोपायची. त्याने आपले घर आणि आपला वेळ वाटला होता. आजही शेजाऱ्याला घरी बोलावून एकत्र चित्रपट पाहायला कोणाची हरकत नाही. पासवर्ड पाठवला की शेजारी त्याच्या घरी आणि आपण आपल्या घरी राहतो. देणे झाले, भेट मात्र झाली नाही.

या आठवड्यात एका संध्याकाळी, रोझरीनंतर, घरच्यांसह दहा मिनिटे बसा. आपल्या टीव्हीवर कोणाचे खाते चालू आहे? आपले खाते कोणाकडे आहे? ज्याला दिले आहे त्याला प्रेमाने सांगा, दोष देऊ नका. डिसेंबर २०२१ मध्ये नेटफ्लिक्सने फक्त मोबाईलवर पाहण्याची योजना भारतात महिना १४९ रुपयांवर आणली होती. बऱ्याच घरांना असा खर्च झेपू शकतो. कोणाला तो जड जात असेल आणि तुमची ऐपत असेल, तर त्याच्या नावाने वर्गणी भरा. ते दान तुमच्या खिशातून गेलेले असेल. आणि काहीच जमत नसेल, तर काही दिवस पडदा बंद राहू द्या. घरात बोलायला माणसे आहेत.

प्रभू येशू, परक्याच्या वस्तूबाबत आम्हाला प्रामाणिक कर आणि आमच्या स्वतःच्या वस्तूंबाबत उदार कर. आमेन.