काटकसरीचं भोक

काटकसर आणि चिक्कूपणा यांच्यामधली सीमा नेमकी कुठे असते, हा प्रश्न थोरामोठ्यांनी कधीच सोडवला असेल. मला मात्र तो खंबाटकीच्या घाटात, टळटळीत उन्हात, बंद पडलेल्या स्कूटरशेजारी उभं राहून सोडवावा लागला.

गोष्ट 1988 सालची. वय झालं की माणसाची भूक कमी होते, स्कूटरची वाढते. आमची सेकंडहँड चेतक पेट्रोल ढोसायला लागली होती. मेस्त्रींनी कार्ब्युरेटर उघडला आणि म्हणाले, "साहेब, स्लाइड झिजलीय. नवा अस्सल टाका. नकली स्वस्त पडेल, पण टिकणार नाही."

मी तिसरा मार्ग काढला. "जुनाच राहू द्या. जेट तेवढा बारीक टाका."

जेट म्हणजे पितळेचा इवलासा तुकडा, मधोमध भोक. कार्ब्युरेटरच्या अरुंद गळ्यातून हवा वेगानं जाते, तिथला दाब उतरतो आणि त्या भोकातून पेट्रोल ओढलं जातं. वजनानं एक भाग पेट्रोलला साधारण पंधरा भाग हवा. म्हणजे सगळा कारभार हवेवरच! आणि हवा तर फुकट. मग त्या एका भागातलं थोडं कापलं तर बिघडलं कुठे?

"साहेब, टू-स्ट्रोक आहे," मेस्त्री म्हणाले. "ऑइल पेट्रोलातूनच जातं. पेट्रोल कापलंत की ऑइलही कापलंत. इंजिन तापेल."

मी नुसता हसलो. पैसे वाचणार असले की माणसाला फार कळायला लागतं.

पंधरा दिवस सुखात गेले. अ‍ॅव्हरेज वाढलं. उत्साहाच्या भरात मी घरखर्चालाही बारीक जेट बसवला. पेपर शेजाऱ्यांचा, पाहुण्यांना चहा अर्धा कप आणि साताऱ्याच्या आत्याची तीस रुपयांची मनीऑर्डर वीसवर. एकटीला लागतं किती?

मग आम्ही दोघं आत्याकडेच निघालो. अर्ध्या घाटात इंजिन कण्हलं आणि मागचं चाक जागच्या जागी आवळलं. पिस्टन जाम!

बायको दगडावर टेकली. "अहो, ऑइल पोचलं नाही का त्याला?"

"कमी पोचलं."

"आत्याबाईंनाही कमीच पोचतंय."

मला उत्तर सुचलं नाही. पेट्रोल नुसतं जळत नव्हतं. आपल्याबरोबर आतल्या घासणाऱ्या लोखंडाला वंगणही नेत होतं. हिशेबाच्या वहीत मात्र दोन्ही खर्चातच दिसतात. झिजलेल्या स्लाइडपायी वाया जाणारं पेट्रोल थांबवणं, ही काटकसर. इंजिनाच्या तोंडचं काढणं, हा चिक्कूपणा. मी पहिली करायची सोडून दुसरा केला होता.

वाचवलेल्या पेट्रोलच्या कित्येक पट पैसे बोअरिंगला गेले. अस्सल कार्ब्युरेटर आला, नेमून दिलेला जेट आला आणि मनीऑर्डर पुन्हा तीसवर गेली.

2020 साली बीएस-6 चे नियम आले आणि बहुतेक नव्या दुचाक्यांतला कार्ब्युरेटर गेला. पेट्रोल किती सोडायचं ते आता यंत्रच ठरवतं, मालकाला विचारत नाही. बरंच झालं. माणसाच्या हातातला जेट मात्र अजून त्याच्याच ताब्यात आहे.

म्हणून आत्याचं तेव्हाचं कार्ड मी जपून ठेवलंय. त्यात लिहिलंय, "तीस पोचले. दहा चुकून जास्त आले का रे?"