सोळाव्या नंबरानंतर

॥ श्री गुरुदेव दत्त ॥



मागच्या गुरुवारी आरतीनंतर आपल्या बडोद्याच्या केंद्रात एका ताईंनी प्रश्न विचारला. मुलीचा बोर्डाचा गणिताचा पेपर फार वाईट गेला. "टक्के तर गेलेच, आता पुढचे पेपर कशाला देऊ?" असं म्हणून ती खोलीबाहेर येत नव्हती. आम्ही चटकन सांगून टाकलं, "फळाची आशा सोडून कर्म कर म्हणावं." ताई गप्प बसल्या. घरी जाताना आम्हालाच ते उत्तर पोकळ वाटलं. जे हातातून गेलंच आहे, ते 'सोड' म्हणण्यात काय अर्थ?

तेव्हा माओ असादा आठवली. जपानच्या नागोया शहरातली ही मुलगी, जन्म १९९० चा. तिचा खेळ फिगर स्केटिंग. बुटांना धारदार पातं लावून बर्फावर संगीताच्या तालावर सरकायचं, गिरक्या घ्यायच्या, उड्या मारायच्या. तिची खास उडी ट्रिपल ॲक्सल. तोंड पुढे ठेवून उडायचं, हवेत साडेतीन फेऱ्या घ्यायच्या आणि एका पायावर मागे सरकत उतरायचं. महिलांमध्ये ही उडी फार थोड्यांना साधली. २०१० च्या ऑलिंपिकमध्ये तिने ती तीनदा मारली, तरी रौप्यपदकच मिळालं. मग तिने नव्या गुरूंकडे सगळ्या उड्या पायापासून पुन्हा शिकायला घेतल्या. त्यातच २०११ च्या डिसेंबरात आई गेली. स्पर्धा सोडून ती परदेशातून निघाली, पण आईची शेवटची भेट झाली नाही.

फेब्रुवारी २०१४, रशियातलं सोची. ही स्पर्धा दोन भागांत होते, दोन्हींचे गुण मिळून निकाल. पहिल्या दिवशी माओ ट्रिपल ॲक्सलवरच पडली, पुढेही चुकली. ५५.५१ गुण, सोळावा नंबर. पदकाची आशा संपली. तिच्याच देशातले एक ज्येष्ठ पुढारी तर जाहीरपणे बोलून गेले, की ही मुलगी महत्त्वाच्या वेळी हमखास पडते.

दुसऱ्या दिवशी ती पुन्हा बर्फावर उतरली. सुरुवातीला सोपी उडी घेता आली असती. तिने पहिली उडी तीच ठेवली, आणि नीट उतरली. मग एकामागून एक तिहेरी उड्या. १४२.७१ गुण, तोवरची तिची सर्वांत चांगली कामगिरी. संगीत थांबलं तेव्हा ती मान वर करून रडत होती. एकूण नंबर सहावा.

पुष्कळजण पुढे जोडतात, की पुढच्याच महिन्यात ती जगज्जेती झाली. खरं आहे ते. पण "बघा, शेवटी फळ मिळालंच" असं म्हटलं, की आपण मागच्या दाराने फळच परत घरात आणतो. सोचीतला सहावा नंबर सहावाच राहिला. २०१७ मध्ये ती निवृत्त झाली. ऑलिंपिकचं सुवर्ण तिला कधीच मिळालं नाही.

कुणी म्हणेल, गमवायला काही उरलं नाही, म्हणून सोपं गेलं. तसं असतं तर ताईंच्या मुलीलाही सोपं गेलं असतं. आपला अनुभव उलटा आहे. आशा सुटली, की हातही सुटतो. आशा सुटूनही हात सुटू न देणं, हीच खरी साधना. फळ गेलं तरी काम उरलेलं असतं. शिकवणाऱ्यांचं देणं, आईच्या कष्टांचं देणं, इतक्या वर्षांच्या सरावाचं देणं पदकाच्या भरवशावर नसतं. आणि डोळ्यांतून पाणी आलं म्हणजे साधना कमी पडली, असंही नाही.

आपणा मोठ्यांसाठी एक गोष्ट. ते पुढारी आपल्याही घरात बसलेले असतात. "ऐन वेळी तुझं असंच होतं" हे वाक्य आपण किती सहज बोलतो, ते प्रत्येकाने आठवून पाहावं.

शनिवारी आम्ही ताईंना फोन केला. म्हटलं, "ते फळाचं राहू द्या. तिला सांगा, रड, दोन घास खा, आणि सोमवारचा पेपर तुझा आहे, तो दे."

मुलगी पेपरला गेली. कसा गेला, ते आम्ही विचारलं नाही.

॥ श्रीगुरुचरणार्पणमस्तु ॥